निळा कोंबडा, जरा तिरका

साळोखेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गेर्लिंगेनमधल्या आमच्या गल्लीच्या फुटपाथवर गुडघे टेकून बसले होते. समोर कुणीतरी टाकून दिलेलं, गंजलेलं, हत्यारं ठेवायचं पत्र्याचं कपाट. काकांनी खिशातून बोटाएवढी पाणसळ काढली. आधी ती कपाटाच्या माथ्यावर ठेवली, मग दारावरच्या, कारखान्याच्या जुन्या छापेच्या खालच्या कडेला लावली. एक डोळा मिटून आतला बुडबुडा बघितला आणि तोंड वाकडं करून स्वतःशीच म्हणाले, "सरळ आहे. काय उपयोग न्हाई."

आणि कपाट तिथंच सोडून चालू लागले.

त्या दिवशी आमच्या भागात श्पेरम्युल होता. म्हणजे घरातलं मोठं टाकाऊ सामान दारासमोर काढून ठेवायचा दिवस. ठरलेल्या सकाळी गाडी येते आणि सोफे, गाद्या, कपाटं चावून गिळते. मला जर्मनीत येऊन तीन आठवडे झाले होते आणि तेवढ्या दिवसांत घराबाहेर एक मराठी शब्द कानावर पडला नव्हता. मी धावतच गेलो. "काका, तुम्ही मराठी?"

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "पुण्याचा काय?"

"हो. कसं ओळखलंत?"

"मराठी ऐकल्यावर बी खात्री करून घेतोयस म्हणून."

ते आमच्याच इमारतीत राहणारे निघाले. ते तळमजल्यावर, आम्ही तिसऱ्या. त्या दिवसापासून मी 'पुणेकर' झालो. माझं खरं नाव काकांनी कधी विचारलं नाही, आणि सांगायचं धाडस मला झालं नाही.

काका मूळचे कोल्हापूरचे. फिटर. ऐन तिशीत जर्मनीत आले ते इथंच राहिले. चाळीसहून जास्त वर्षं इथल्या श्वाबियन लोकांत काढूनही त्यांची जीभ काही रंकाळ्यावरून उठली नव्हती. फक्त तिच्यात मधेमधे जर्मन खडे आले होते. "आल्झो, बघ लेका," अशी वाक्याची सुरुवात व्हायची, आल्झो म्हणजे 'तर मग'. 'गेनाऊ' म्हणजे खरं तर 'अगदी बरोबर', पण काका तो होकाराला वापरत, नकाराला वापरत आणि समोरच्यानं आता गप्प बसावं अशी इच्छा असली तर हमखास वापरत. जिना झाडायच्या आठवड्याची पाळी, जिला इथं केअरवोखे म्हणतात, ती चुकवल्याबद्दल वरच्या फ्राऊ हेबर्ले मला झापायला आल्या, की काका दार उघडून फक्त "गेनाऊ!" म्हणत. बाई आणखी पाच मिनिटं बोलत. ते माझ्या बाजूनं होते की बाईंच्या, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काकांचं राज्य तळघरात होतं. प्रत्येक भाडेकरूला तिथं जाळीची एकेक खोली आहे. बाकीच्यांच्या खोल्यांत स्की, सुटकेसी, नाताळचे दिवे. काकांच्या खोलीत भिंतीला लागून हत्यारांची कपाटं, सगळी एकाच जुन्या कारखान्याची, सगळ्यांच्या दारावर एकच छाप: चोचीत पाना धरलेला निळा कोंबडा, खाली कारखान्याचं नाव. ही छाप म्हणजे आजचा स्टिकर नव्हे. पाण्यात भिजवून, कागदावरून अलगद सरकवून बसवायची, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ.

काका ही कपाटं नव्यानं रंगवत. गंज खरवडत, रेड ऑक्साइड मारत, मग मूळचा हिरवा रंग. पण छापेला धक्का लावायचा नाही. त्यासाठी त्यांची एक पद्धत होती आणि ती बघायला मी शनिवारी खाली जाऊन बसत असे. आधी छाप साबणाच्या कोमट पाण्यानं, दाढीच्या ब्रशनं धुवायची. मग बटर पेपर तिच्या मापाचा कापून वर ठेवायचा. टेप लावायची ती कागदावर आणि पत्र्यावर, छापेवर कधीच नाही.

"टेप छापेला लागली की काढताना अक्षरं घेऊन येती," काका सांगत. "जळवेगत."

कडेनं ब्लेड फिरवताना ते श्वास रोखून धरत आणि मलाही रोखायला लावत. रंग अर्धवट सुकला की टेप काढायची. पूर्ण सुकला तर कड तुटते, ओला असला तर ओघळते. ती वेळ ते घड्याळावर बघत नसत, कोपऱ्यातल्या रंगाला करंगळी लावून बघत. टेप निघाली की हिरव्यागार दारात तो जुना कोंबडा असा दिसायचा, जणू बाकीचं कपाट त्याच्याभोवती नंतर बांधलंय.

"अख्खं दार नवं केलंत, छापही नवी करून घ्या की. आजकाल कुणीही छापून देतं," मी एकदा म्हणालो.

काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांना नवे आईवडील सुचवले होते. "रंग डब्यात मिळतोय लेका. छाप मिळत न्हाई."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. मला कोडं होतं ते वेगळंच. काका सरळ छापेचं कपाट घेत नसत. रस्त्यावर त्याच कारखान्याचं, उत्तम स्थितीतलं कपाट असलं, पण पाणसळीनं छाप सरळ दाखवली, की ते पाठ फिरवत. त्यांना तिरकी हवी. तीही डावा कोपरा वर असलेली. उजवा वर असला तर, "ही दुसऱ्या कुणाची तरी," असं पुटपुटून निघत. छाप अशी तिरकी असली की त्यातला कोंबडा मान वर करून आभाळाकडे बघतोय असं वाटे.

माझी बायको मेधा म्हणायची, "एकटे राहून राहून डोक्यावर परिणाम झालाय." फ्राऊ हेबर्लेंचा समज होता की काका नगरपालिकेतर्फे फुटपाथचा उतार मोजतात. मी इंजिनियर, म्हणून माझा तर्क शास्त्रशुद्ध होता. मी काकांना म्हणालो, "चुकीची छपाई झालेल्या पोस्टाच्या तिकिटांसारखं ना? दोष आहे म्हणून किंमत जास्त?"

"गेनाऊ," काका म्हणाले. मी गप्प बसलो.

मी मुळात कमी बोलणारा. इथपर्यंत जे सांगितलं ते हसतखेळत सांगितलं, कारण पुढचं सांगायला मला जड जातंय. पुढचं मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, मेधालाही नाही.

काका दरवर्षी खंडेनवमीला तळघरात हत्यारांची पूजा करत. त्यासाठी उन्हाळ्यापासून खिडकीतल्या कुंडीत झेंडू वाढवत. पाने, हातोडी, कानशी, ब्लेड, सगळं धुवून-पुसून जुन्या सतरंजीवर मांडत, मुठींवर चिमूटभर कोरडी हळद आणि कुंकू. कपाटांसमोर फक्त फूल. मी सोबत असायचो. आम्ही दोघं उदबत्ती न लावता पूजा करायचो, कारण तळघरात धुराचा अलार्म आहे आणि एका वर्षी आमच्या भक्तीपायी बंब आला होता.

तीन वर्षांपूर्वी नेमकी त्याच दिवशी काकांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आली. साखरेमुळं डॉक्टर दोन दिवस ठेवून घेणार होते. आदल्या संध्याकाळी ते तिसऱ्या मजल्यावर चढून आले आणि तळघराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "उद्या माझा डोळा कापायचा आहे आणि उद्याच खंडेनवमी. हत्यारांना उपाशी ठेवू नको. नव्या कपाटाची टेप आजच काढल्या. वरचं पारदर्शक लॅकर मी आल्यावर मारतो."

ते नवं कपाट त्यांना लुडविग्सबुर्गजवळच्या एका बंद पडलेल्या गॅरेजातून मिळालं होतं. आणल्या दिवसापासून काका त्याच्याभोवती जरा जास्तच घुटमळत होते. छापेच्या कडेला भिंग लावून बघत बसायचे. मी त्याचं कारण विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर येऊन मी पूजा केली. मनापासून केली, एवढं लिहू द्या. काकांची ती कोरडी चिमूट मला नेहमीच कंजूष वाटायची. आमच्या घरी हळद-कुंकू पाण्यात कालवून बोटानं ओढायची पद्धत. सगळ्या हत्यारांना ओढलं. मग नव्या कपाटाकडे वळलो. नवी वस्तू घरात आली की तिच्या कपाळाला हळद लावायची. कपाटाचं कपाळ कुठं? मला वाटलं, दाराच्या मधोमध. मी कोंबड्यालाच टिळा लावला. हळदीचं बोट, त्यावर कुंकू. काकांना पाठवायला फोटो काढावा म्हणून मागं सरकलो, तेव्हा दिसलं की जुन्या, तडकलेल्या लॅकरमधून पिवळा रंग पसरत चाललाय.

ओल्या फडक्यानं पुसलं. आणखी पसरला. साबण लावला. पिवळ्याचं तांबडं झालं. फळीवर थिनरचा डबा होता. मी फडक्यावर थिनर घेतला आणि एकदाच हात फिरवला.

कोंबडा नव्हता.

त्याच्या जागी नव्या हिरव्या रंगात जुन्या, फिक्या हिरव्याची एक रिकामी चौकट उरली होती. काकांनी छापेच्या कडेकडेनं टेप लावलेली, म्हणून चौकटही तिरकी.

मी हत्यारांवरची ओली हळद पुसली, फक्त मुठींवर कोरडी चिमूट ठेवली, काकांच्या पद्धतीनं. फडकं खिशात घालून वर आलो. या देशात कचऱ्याचे पाच प्रकार आहेत. त्या पिवळ्यानिळ्या फडक्यासाठी मी पाचही डब्यांची झाकणं उघडून पाहिली आणि शेवटी ते ऑफिसात नेऊन टाकलं.

ऑफिसात मी काय करतो तेही सांगतो. एखादा भाग सदोष निघाला, की तो दोष कुठल्या टप्प्यावर आणि कुणाच्या हातून आला, हे शोधून अहवाल लिहिणं हे माझं काम. त्यात मी चांगला मानला जातो.

काका आले ते एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावून. आल्या आल्या तळघरात उतरले. मी मागोमाग. आता सांगायचं, असं जिन्यात ठरवलं होतं. काका कपाटासमोर उभे राहिले. त्या रिकाम्या चौकटीवरून बोटं फिरवली, बोटांचा वास घेतला. मग फळीवरच्या थिनरच्या डब्याकडे पाहिलं.

"पुणेकर," ते म्हणाले, "जायच्या आदी मी हे पुसलं हुतं का रं?"

मी बघत राहिलो.

"टेपेचा चिकटा काढायला थिनर घेतला हुता. एवढं आठवतंय. हात तिकडं गेला असंल काय? त्या डोळ्यानं दिसत न्हवतं नीट."

"असेल काका," मी म्हणालो.

दोनच शब्द. खोटं बोललो असंही कुणाला म्हणता येणार नाही. मी नुसतं 'असेल' म्हणालो.

काका स्टुलावर बसले. आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे मी आधी विचारलं असतं तर 'गेनाऊ' या एका शब्दावर निभावलं असतं.

"ही मालनची हुती."

मालनकाकू म्हणजे त्यांची बायको. आम्ही इथं येण्याआधीच त्या गेल्या होत्या. स्वयंपाकघरात त्यांचा फोटो होता: नऊवारी, स्वेटर आणि बर्फ. लग्नानंतर त्या इथं आल्या तेव्हा त्यांना जर्मन येत नव्हतं, म्हणून या कपाटांच्याच कारखान्यात छापा लावायचं काम मिळालं. तिथं बोलावं लागत नसे.

"टेबलं जर्मन बायांच्या उंचीची. ही पावणेपाच फूट. टाचा उंचावून लावायची, मग डावा कोपरा वर जायचा. दीड मिलिमीटर. माइस्टर, म्हंजे मुकादम, पट्टी घेऊन यायचा आन् वरडायचा. ही मला विचारायची, काय म्हणतोय वं? मी सांगायचो, छाप वाकडी आहे म्हणतोय. तर म्हणायची, त्याला म्हणावं तुझं कपाट वाकडं आहे." काका हसले. वाटीखालून डोळ्याचं पाणी गालावर आलं, ते शस्त्रक्रियेचं असेल असं मी ठरवलं. "चार वर्षं केलं. मग कंबर गेली. आता ती जुनी वर्कशॉपं बंद पडाय लागल्यात, कपाटं रस्त्यावर येत्यात. ही धरून सात मिळाली."

"फोटो आहेत ना काका, काकूंचे," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"फोटोत ती उभी हाय. ह्यात काम करत्या." मग चौकटीच्या कडेला बोट ठेवून म्हणाले, "हितं तिच्या अंगठ्याचा ठसा हुता. लॅकरखाली. सातात एकालाच. ह्या हातानं पुसला मी."

आणि त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे असं पाहिलं, की मी वर निघून आलो.

त्यानंतर काकांचा उजवा हात जाकिटाच्या खिशात गेला तो गेलाच. चहाचा कप डाव्या हातात, किल्ली डाव्या हातात, जिना झाडायचा झाडूसुद्धा डाव्या हातानं, पायऱ्यांवर नागमोडी धूळ सोडत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "उजवा क्रांकश्राइबुंगवर आहे." डॉक्टर कामगाराला आजारपणाची चिठ्ठी देतो, ती क्रांकश्राइबुंग. सगळे हसायचे. आमच्या दिवाळीच्या जेवणात त्यांनी डाव्या हातानं पुरी तोडायचा प्रयत्न केला तेव्हा तर मेधा हसून हसून बेजार झाली. "काका, किती नाटकी हो तुम्ही!"

"शिस्त पायजे पोरी. चूक केल्याला आत ठेवायचं."

मीही हसलो. तो हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

तळघर बंद झालं. रस्त्यावर कपाट दिसलं तरी पाणसळ निघत नसे. मी किती वेळा सांगायला गेलो, याचा हिशेब देण्यात अर्थ नाही. दारापर्यंत जायचो आणि "काका, दूध आणू का?" विचारून यायचो. दोन वर्षांत काकांच्या घरी जेवढं दूध आलं तेवढं कुणी पिऊ शकत नाही. काकांना वाटायचं, पुणेकर मायाळू आहे. एकदा म्हणालेही तसं. त्या रात्री मी जेवलो नाही.

या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी सांगितलं, वृद्धांच्या वसाहतीत खोली घेतली आहे, इथून तीन बसथांब्यांवर. तळघर रिकामं करायचं. श्पेरम्युलची तारीखही घेतली होती.

"कपाटं?" मी विचारलं.

"तीच की. मी ठेवून काय करू? उद्या आणि एखादी पुसंल हा." हा म्हणजे हात.

सामान पहाटे सहाच्या आत बाहेर ठेवायचं नाही असा नियम आहे. सहा वाजता धुकं एवढं होतं की समोरचा दिवा नुसता डाग दिसत होता. मी एकेक कपाट जिन्यावरून वर आणलं. काका डाव्या हातानं दार धरून उभे. सातही कपाटं फुटपाथवर ओळीनं लागली: सहा कोंबडे माना वर करून, आणि सातव्यावर ती रिकामी चौकट. लांबून गाडीचा आवाज आला. इथं गाडी सांगितल्या वेळेला येते.

काका सातव्या कपाटापाशी गेले आणि हळूच म्हणाले, "मालन, माफ कर गं. हात चुकला."

"तुमचा हात नव्हता काका," मी म्हणालो.

पुढचं सगळं एका दमात आलं. हळद, टिळा, साबण, थिनर, फडकं, पाच डबे. मी कपाटांकडे बघून बोलत होतो. गाडी कोपऱ्यावर वळली, तिचे नारिंगी दिवे धुक्यात फिरू लागले.

"मी विचारलं तवा तू असेल म्हणालास."

"हो."

काकांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला. दोन वर्षांत मी तो नीट पाहिला नव्हता. आकसलेला, पांढुरका, आणि कापत होता. त्यांनी तो समोर धरला आणि त्याच्याशीच बोलले. "बिचारा."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत घ्या."

घ्या. घे नव्हे.

मी सातही कपाटं पुन्हा खाली नेली. गाडीवाला दोनदा भोंगा वाजवून निघून गेला. काकांनी दार धरलं नाही. ते धुक्यात उभे राहून बोटं एकेक करून उघडत होते, मिटत होते.

वसाहतीची खोली मात्र त्यांनी सोडली नाही, मार्चमध्ये गेलेच. डॉक्टरांनी सांगितलं, वापर नसल्यानं हात आखडलाय, कंप आहे तो राहील. हात निर्दोष सुटला, पण कामावर परत येण्याजोगा राहिला नव्हता. तळघराचं भाडं ते भरत राहिले. भेटले की म्हणत, "नमस्कार साहेब. बरे आहात ना आपण?" कोल्हापूरच्या माणसानं 'आपण' म्हणावं, याहून मोठी शिक्षा मला माहीत नाही. मेधाला मी सगळं सांगितलं. दिवाळीत ज्या पुरीवर ती हसली होती ती तिला आठवली, आणि ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

या खंडेनवमीला सकाळी बेल वाजली. काका दारात. डाव्या हातात झेंडूची फुलं, काखेत एक जुनी वही. मालनकाकूंची पाककृतींची. आम्ही तळघरात उतरलो. हत्यारं मी मांडली. हळद त्यांनी लावली, कोरडी. उजव्या हातानं. निम्मी सतरंजीवर सांडली.

मग त्यांनी वहीतून एक पिवळट कागद काढला. त्यावर निळा कोंबडा. न वापरलेली छाप. "काम सोडलं त्या दिवशी तिनं एक ढापून आणलेली. एवढी एकच."

"काका, ही नको. ही मी—"

"माझ्यानं व्हणार न्हाई. तू लाव."

मी कोमट पाणी आणलं. छाप भिजवली. सातव्या कपाटासमोर बसलो आणि श्वास रोखला. कागदावरून पापुद्रा अलगद सरकवला आणि त्या तिरक्या चौकटीत बरोबर बसवला, डावा कोपरा दीड मिलिमीटर वर. चौकटच तशी होती. काही मोजावं लागलं नाही.

"ए पुणेकर," काका म्हणाले. "सरळ कर."

"पण काकूंची—"

"तिची गेली ती गेली. ही तू लावतोयस. तुझी सरळ लाव. तिची नक्कल नको."

"काका, मग कोपऱ्यांतून जुना रंग दिसेल."

"दिसू दे."

त्यांनी खिशातून पाणसळ काढून माझ्यापुढं धरली. छाप ओली होती तोवर मी ती फिरवली, बुडबुडा मधोमध आला. कोंबडा सरळ समोर बघू लागला. त्याच्यामागून ती जुनी चौकट डोकावत होती, एका बाजूनं वर, एका बाजूनं खाली.

खालचं पाणी काढायचं राहिलं होतं. ते मधून कडेकडे दाबत काढतात. मी फडकं उचललं, काकांनी ते माझ्या हातातून काढून बाजूला ठेवलं. उजवा अंगठा छापेवर टेकवला आणि दाबत दाबत बाहेर नेला. हात कापत होता. पाण्याचे थेंब दारावरून ओघळले. पुन्हा एकदा. पुन्हा. डाव्या कोपऱ्यापाशी अंगठा बराच वेळ थांबला.

त्यांनी हात काढला तेव्हा मला शंका आली. पाणसळ स्टुलावर पडली होती. ती ना त्यांनी उचलली, ना मी.

"काका," मी विचारलं, "जरा हलली का हो?"

काका कोंबड्याकडे बघत होते.

"असेल," ते म्हणाले.